शेवटचे गिऱ्हाईक कोण? (बारा कोटींच्या कुत्र्याचा धडा)

व्यापारी व कारागीर बंधूंनो, या पानावर आम्ही आजवर सूत, कापड, उधारी आणि हिशेबाच्या वह्या यांविषयी लिहीत आलो. आज कुत्र्यांच्या भावाविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कारण ऐकल्यावर हा विषय आपल्याच गल्लीतला आहे, हे ध्यानात येईल.

गेल्या महिन्यात आमचा भाचा पेढीवर आला. वडिलांच्या पश्चात चार पॉवरलूम तोच चालवतो. मुलगा मेहनती आहे, व्यसन कसले नाही. बसल्यावर त्याने खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "मामू, लूममध्ये आता काही राहिले नाही. दोन लूम काढून टाकतो, अम्मीचे थोडे सोने मोडतो. तीन लाखांत परदेशी जातीच्या पिल्लांची जोडी मिळते. वर्षाला दोन वेत, एका वेताला आठ पिल्ले, म्हणजे सोळा पिल्ले. पंचाहत्तर हजारांनी विकली तरी बारा लाख होतात."

हिशेब कागदावर चोख होता. बेरीज-गुणाकारात चूक नव्हती. आम्ही त्याला एवढेच विचारले, "बेटा, ही सोळा पिल्ले घेणार कोण?" तो म्हणाला, "जो विकतो आहे तोच परत घेणार, मामू. तसे लिहून देतो."

हे उत्तर ऐकून आम्हाला रात्री झोप लागली नाही. आपाच्या घरात त्या चार लूमशिवाय दुसरे काही नाही. तेव्हा आम्ही ठरवले की भाच्याला रागावण्यापेक्षा महाग कुत्र्यांचा धंदा मुळात चालतो कसा, याचा अभ्यास करावा. तो करताना जे हाती आले ते केवळ कुत्र्यांपुरते नाही, प्रत्येक तेजीच्या मालाला लागू पडते. म्हणून ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

भाव कशाने चढतो?

कोणत्याही मालाचा भाव चार कारणांनी चढतो. कुत्र्यांच्या बाबतीतही हीच चार कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे माल तयार करण्याचा खर्च. इंग्लिश बुलडॉग या जातीचे डोके मोठे आणि मादीचा कटिभाग अरुंद असतो. त्यामुळे बहुतेक माद्यांची प्रसूती शस्त्रक्रिया करूनच करावी लागते. डॉक्टरचे बिल पिल्लांच्या किमतीत धरले जाते. हातमागाची पैठणी महाग असते ती याच कारणाने, कारण तिच्यात मजुरीचे दिवस गुंतलेले असतात.

दुसरे कारण म्हणजे हुन्नर. वेल्समध्ये मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचा लिलाव होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे किम नावाची बॉर्डर कॉली जातीची कुत्री २७,१०० पौंडांना, म्हणजे सुमारे सत्तावीस लाख रुपयांना विकली गेली. तो त्या वेळचा विक्रम होता. तिचे वय जेमतेम एक वर्ष होते, पण ती मेंढ्या वळण्यात तयार झालेली होती. मेंढपाळ असे जनावर विकत घेतो ते त्याच्याकडून काम करून घेण्यासाठी. अशा भावाला पाया असतो.

तिसरे कारण म्हणजे टंचाई. माल थोडा आणि मागणारे फार असले की भाव चढतो. हे कारण खरे असले तरी ते फार दिवस टिकत नाही. भाव चढला की जो तो तोच माल काढू लागतो.

चौथे कारण म्हणजे हौस आणि दिखावा. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवे, आणि त्याच्यापेक्षा महाग हवे. या भावाला बुड नसते. हवा असेपर्यंत पतंग वर राहतो, तशी त्याची स्थिती असते.

माल घेताना त्याच्या भावात या चौघांपैकी कोणाचा किती वाटा आहे, हे ज्याने ओळखले तो व्यापारी वाचतो. आता असे एक उदाहरण पाहू, ज्यात तिसरे आणि चौथे कारण एकत्र आले आणि हजारो घरे पोळली.

तिबेटचा राखणदार

तिबेटच्या पठारावर याक आणि मेंढ्या पाळणारे भटके लोक राहतात. त्यांच्या तंबूंची आणि कळपांची राखण करणारा दाट केसांचा दांडगा कुत्रा म्हणजे तिबेटी मास्टिफ. तिबेटी भाषेत त्याला दो-ख्यी म्हणतात, म्हणजे बांधून ठेवायचा कुत्रा. दिवसा दाराशी बांधायचा आणि रात्री लांडग्यांसाठी मोकळा सोडायचा, असा त्याचा उपयोग. मानेभोवती सिंहासारखी आयाळ, नराचे वजन साधारण ४० ते ७० किलो आणि आवाज दूरवर जाणारा. पठारावरच्या विरळ हवेत त्याचे शरीर तग धरते. त्यासाठी लागणारा एक गुण त्याला तिबेटी लांडग्याच्या रक्तातून मिळाला आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. भारताचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांनी १८४७ साली या जातीचा एक कुत्रा राणी व्हिक्टोरियाला भेट म्हणून पाठवला होता.

थोडक्यात, हे जनावर आपल्या जागी फार उपयोगाचे होते. तेथे त्याला गिऱ्हाईक होते ते मेंढपाळ, आणि मेंढपाळाच्या खिशाला परवडेल एवढीच त्याची किंमत होती.

तेजीची वर्षे

चीनमध्ये कारखानदारी वाढली, कोळसा आणि जमिनीच्या धंद्यात नवा पैसा आला. नव्या श्रीमंताला आपली श्रीमंती दाखवायची असते. मोटार सगळ्यांकडे झाली होती, तेव्हा सिंहासारखा दिसणारा कुत्रा दाराशी असणे ही नवी शान ठरली.

२००९ साली शीआन शहरातील एका श्रीमंत बाईने चाळीस लाख युआन देऊन असा एक कुत्रा घेतला. तेव्हाच्या दराने ते पावणेतीन कोटी रुपयांच्या आसपास होतात. त्या कुत्र्याच्या स्वागताला विमानतळावर तीस काळ्या मोटारींचा ताफा उभा होता. २०११ साली लाल केसांचा अकरा महिन्यांचा नर एका कोळसा व्यापाऱ्याने एक कोटी युआनला घेतल्याची बातमी जगभर छापून आली. मार्च २०१४ मध्ये झेजियांग प्रांतातल्या एका प्रदर्शनात सोनेरी केसांचे एक वर्षाचे पिल्लू एक कोटी वीस लाख युआनला विकले गेले, असे तिकडच्या वर्तमानपत्राने दिले. आपल्या रुपयांत ही रक्कम सुमारे बारा कोटी होते. घेणारा इमारतींच्या धंद्यातला होता आणि त्याला पुढे स्वतः पैदास करायची होती, असेही त्या बातमीत होते.

वाचकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. बारा कोटी देणाऱ्याला कुत्रा राखणीला नको होता. त्याला त्याची पिल्ले काढून विकायची होती. ती पिल्ले घेणाऱ्यालाही पुढे पिल्लेच विकायची होती. मेंढपाळ या व्यवहारातून केव्हाच बाहेर गेला होता.

भाव बोलणारे कोण होते?

एक कोटी, एक कोटी वीस लाख, हे आकडे खरे तरी होते काय? या जातीच्या व्यापाराची माहिती देणाऱ्या एका माणसाने त्याच काळात वृत्तसंस्थेला सांगितले होते की, पैदास करणारे आपसांत संगनमत करून मोठे भाव जाहीर करत असावेत. म्हणजे एकाने दुसऱ्याचा कुत्रा कोटीला घेतल्याचे सांगायचे, दुसऱ्याने पहिल्याचा. पैसा कोणाचाच हलत नाही, पण बातमी छापून येते. ती वाचून तिसरा, बाहेरचा माणूस येतो आणि पन्नास हजार युआनला पिल्लू घेऊन खूश होतो, कारण ते बारा कोटीवाल्याच्या रक्ताचे आहे.

आपल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. घ्यायची नीयत नसताना केवळ दुसऱ्याला भरीस घालण्यासाठी बोली चढवणे याला आपल्या शिकवणीत 'नजश' म्हणतात आणि पैगंबरांनी (स.) त्याला स्पष्ट मनाई केली आहे. चौदाशे वर्षांपूर्वी बाजारात जी लबाडी चालत होती, तीच येथे नव्या कपड्यांत आली, एवढाच फरक.

भाव वाढला की भेसळ येतेच. दुसऱ्या मोठ्या जातींशी संकर करून 'अस्सल तिबेटी' म्हणून पिल्ले विकली जाऊ लागली. २०१३ साली बेजिंगमध्ये एक खटला गाजला. नर अधिक देखणा दिसावा, म्हणजे त्याच्याकडे माद्या आणणारे वाढतील, या हेतूने मालकाने त्याच्या चेहऱ्याची लोंबती कातडी शस्त्रक्रियेने ताणून घ्यायचे ठरवले. भूल दिल्यावर कुत्रा दगावला आणि मालकाने दवाखान्याकडे आठ लाख ऐंशी हजार युआन मागितले. कापडाला जादा खळ चढवून वजन वाढवणारे आम्ही पाहिले आहेत, हीही त्यातलीच गत.

त्याच २०१३ सालच्या ऑगस्टमध्ये हेनान प्रांतातल्या लुओहे गावच्या प्राणिसंग्रहालयात 'आफ्रिकी सिंह' अशी पाटी लावलेल्या पिंजऱ्यात हा कुत्रा ठेवलेला होता. एक बाई मुलाला सिंह दाखवायला घेऊन गेल्या, तर सिंह भुंकू लागला. जग त्या बातमीवर हसले. व्यापाऱ्याने मात्र त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोटींचा म्हणवला जाणारा माल पिंजरा भरायला सहज मिळू लागला, म्हणजे तो दुर्मीळ राहिला नव्हता.

उतार कसा लागला?

आता हा हिशेब नीट पाहावा, कारण भाच्याच्या कागदाचे उत्तर यातच आहे. तिबेटी मास्टिफ मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते. समजा, एका मादीला वर्षाला सहा पिल्ले झाली, त्यांत तीन माद्या. त्या माद्या जन्मल्यानंतर तिसऱ्या वर्षी विऊ लागल्या. पहिल्या वर्षी तीन नव्या माद्या, दुसऱ्या वर्षी आणखी तीन. तिसऱ्या वर्षी विणाऱ्या माद्या चार होतात, चौथ्या वर्षी सात, पाचव्या वर्षी एकोणीस. पाचव्या वर्षाअखेर एकीच्या सत्त्याण्णव माद्या होतात आणि जवळपास तेवढेच नर. एकही मेले नाही असे धरले तर एका मादीपासून पाच वर्षांत दोनशेच्या घरात कुत्री!

भाचा म्हणतो, "लूम पिल्ले घालत नाही, कुत्री घालते." अगदी बरोबर. पण हाच त्या मालाचा दोषही आहे. जो माल आपोआप वाढतो तो सर्वांच्याच घरी वाढतो. श्रीमंत मात्र पाच वर्षांत दोनशे पटीने वाढत नाहीत.

त्यात आणखी कारणे मिळाली. २०१२ च्या अखेरीस चीनमध्ये सत्ताबदल झाला आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम सुरू झाली. महागड्या भेटी देणे आणि श्रीमंतीचा दिखावा करणे धोक्याचे झाले. मोठ्या शहरांत मोठी कुत्री पाळण्यावर बंधने होती. बेजिंगच्या मध्य भागात तर ३५ सेंटिमीटरपेक्षा उंच कुत्रा ठेवता येत नाही. शिवाय थंड पठारावरचे हे राखणदार जनावर सदनिकेत राहायला बनलेलेच नव्हते. ते अनोळखी माणसावर धावून जाते आणि उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. घेणाऱ्यांची हौस फिटली आणि हवा दुसऱ्या जातींकडे वळली.

आता शेवट ऐका. २०१५ साली अमेरिकेच्या 'न्यू यॉर्क टाइम्स' या दैनिकात सविस्तर वृत्तांत आला. बेजिंगजवळ प्राणिमित्रांनी कुत्र्यांनी भरलेला एक ट्रक अडवला. तो कत्तलखान्याकडे चालला होता आणि त्यात दीडशेवर इतर कुत्र्यांबरोबर वीस तिबेटी मास्टिफ होते. तेथे त्यांचा भाव नगाला सुमारे पाच डॉलर होता, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. मांस, कातडे आणि हातमोज्यांची लव, एवढाच त्यांचा उपयोग उरला होता. बारा कोटीवाला तो हाच कुत्रा, असे आम्ही म्हणत नाही, पण जात तीच आणि मधले अंतर अवघ्या वर्षाचे. त्याच वृत्तांतात असेही होते की तिबेटातील ९५ पैदास केंद्रांपैकी सुमारे निम्मी २०१३ पासून बंद पडली होती.

ज्यांना विकताही येईना आणि पोसताही येईना, त्यांनी कुत्री मोकळी सोडली. पठारावर त्यांच्या टोळ्या झाल्या. ज्या मेंढ्यांच्या राखणीसाठी ही जात तयार झाली होती, त्याच मेंढ्यांवर आणि माणसांवरही त्या धावून जाऊ लागल्या.

चिंधीचा भाव

हे वाचताना आम्हाला १९९८ साल आठवले. त्या वर्षी चमकीच्या जॉर्जेटला अशी तेजी आली की सकाळचा भाव संध्याकाळी राहत नसे. आम्ही दोघे भाऊ तरुण होतो. एका अडत्याच्या सांगण्यावरून भांडवल होते तेवढे त्यात घातले, वर तिघांकडून उधारी केली. महिनाभर कागदावर नफा दिसत होता. एके दिवशी वालिदसाहेब गोदामात आले, एका ताक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "या गठ्ठ्यावर आपल्या आधी चार पेढ्यांच्या चिठ्ठ्या आहेत. शिंप्याकडे मात्र एकही ताका गेलेला दिसत नाही."

खरे तेच होते. माल आमच्या बाजारातल्या चार-पाच पेढ्यांतच फिरत होता. प्रत्येक फेरीत भाव चढत होता आणि अंगावर कोणीच घालत नव्हते. फेरी आमच्यापाशी थांबली. शेवटी निम्म्याहून अधिक माल किलोच्या भावाने गेला. त्या उधाऱ्या फेडायला आम्हाला सहा वर्षे लागली.

त्या दिवसापासून आम्ही कोणत्याही मालाचे दोन भाव वहीत लिहितो. एक आजचा आणि दुसरा चिंधीचा. सगळे फसले तर हा माल कोणत्या कामाला आणि कोणत्या भावाने जाईल, तो चिंधीचा भाव. तिबेटी मास्टिफचा चिंधीचा भाव पाच डॉलर निघाला. कापड निदान गोदामात गप्प पडून राहते. कुत्रा मात्र विकला जावो न जावो, रोज खातो.

भाच्याचा कागद पुन्हा मांडला

आम्ही भाच्याला बोलावून घेतले आणि त्याच्याच कागदामागे दुसरा हिशेब मांडला.

आपल्या देशात कुत्र्यांची पैदास व विक्री यासाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पैदास करता येत नाही. वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. म्हणजे "वर्षाला दोन वेत" हे पहिले वाक्यच कायद्यात बसत नाही.

मादी अठरा महिन्यांची व्हायची, मग दोन महिने गाभण, मग दोन महिने पिल्ले वाढवायची. पहिला रुपया हाती यायला साधारण बावीस महिने. दोन मोठ्या कुत्र्यांचा खर्च रोज चारशे रुपये धरला तरी दोन लाख चौसष्ट हजार. लसी, डॉक्टर, जागा यांचे साठ हजार. जोडीचे तीन लाख. एकूण सहा लाख चोवीस हजार रुपये पिल्लू विकण्याआधीच गेले. आणि या बावीस महिन्यांत दोन लूमची कमाई बंद.

आठपैकी सहा पिल्ले जगली आणि भाव पंचाहत्तर हजारच राहिला, तर साडेचार लाख येतील. भाव वीस हजारांवर आला, तर एक लाख वीस हजार. हे अंदाज आमचे आहेत. त्यात थोडे कमी-जास्त होईल, पण बारा लाख काही होत नाहीत.

मग आम्ही विचारले, "जोडी कोणत्या घरची आहे?" तो म्हणाला, "एकाच वेताची आहे, मामू." म्हणजे सख्खी भावंडे! अशा जोडीपासून पैदास केली तर पिल्लांत रोग आणि व्यंग येण्याचा धोका वाढतो. जो विक्रेता सख्ख्या भावंडांची जोडी पैदाशीसाठी म्हणून विकतो, तो पिल्ले परत घेणार नाही. त्याला त्या पिल्लांशी देणेघेणेच नाही. त्याला आजचे तीन लाख हवे आहेत.

सरकारी हुकूमही ध्यानात ठेवावेत. २०१६ साली व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर केंद्राने निर्बंध घातले. मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींची विक्री व पैदास थांबवावी, असे परिपत्रक निघाले, त्यात रॉटवायलर आणि कॉकेशियन शेफर्डही होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केले. म्हणजे एका महिन्यात माल बंद आणि पुन्हा चालू. ज्याचे सगळे भांडवल त्यात आहे, त्याचे त्या महिन्यात काय झाले असेल?

"आम्हीच परत घेऊ"

परत घेण्याची हमी हा शब्द ऐकला की आम्हाला इमू आठवतो. काही वर्षांपूर्वी इमू या पक्ष्याच्या पालनाची लाट आली होती. पिल्ले घ्या, पोसा, मोठी झाली की आम्हीच विकत घेऊ, असे सांगितले जाई. २०१२ साली तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची एक मोठी कंपनी कोसळली आणि हजारो गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. आपल्या महाराष्ट्रातही अनेक शेतकऱ्यांनी इमू आणले होते. मांसाला गिऱ्हाईक मिळेना, खाद्याचा खर्च झेपेना. आधीच्या माणसाला दिलेला पैसा हा मागून येणाऱ्याच्या खिशातून येत असतो. मागून येणारे थांबले की हमीही थांबते.

आणि भावाच्या बातम्यांचे म्हणाल, तर २०२५ साली बंगळुरूच्या एका गृहस्थाने पन्नास कोटींचा कुत्रा घेतल्याचे जाहीर केले आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला. एप्रिलमध्ये सक्तवसुली संचालनालयाचे अधिकारी चौकशीला गेले. त्यानंतर वर्तमानपत्रांत आले की दाव्यात तथ्य आढळले नाही. बातमी वाचून भाव ठरवू नये, ते यासाठी.

दीनचा प्रश्न

आमच्या वाचकांच्या मनात हा प्रश्न आधीच आला असेल. सहीह हदीसमध्ये कुत्र्याच्या किमतीला मनाई आली आहे. इमाम शाफई यांच्या मताने कुत्र्याची विक्रीच जायज नाही, आणि आपल्या कोकणातले बहुतेक लोक शाफई आहेत. हनफी उलेमांनी शिकार आणि राखण यांसारख्या उपयोगाच्या कुत्र्याच्या विक्रीला वाव दिला आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहेच. आम्ही कापडवाले आहोत, मुफ्ती नाही. ज्याला हा धंदा करायचा असेल त्याने आधी आपल्या आलिमांना विचारावे. एवढे मात्र दिसते की, जेथे मान्यता आहे तेथेही ती उपयोगाला आहे. हौसेला आणि दिखाव्याला नाही.

घेण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

पिल्लू असो, फॅन्सी कापड असो की जमिनीचा तुकडा, पैसे मोजण्याआधी हे प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे शोधावीत.

१. शेवटचे गिऱ्हाईक कोण? म्हणजे हा माल पुढे न विकता स्वतः वापरणारा माणूस कोण? असा एक तरी माणूस प्रत्यक्ष भेटला पाहिजे.

२. भावाचे कारण कोणते? खर्च, हुन्नर, टंचाई की हौस?

३. हा भाव कोणी दिला? पावती कोणी पाहिली? की विकणाराच सांगतो आहे?

४. चिंधीचा भाव काय? तो पदरात पडला तर घर चालेल काय?

५. माल पडून राहिला तर रोजचा खर्च किती आणि तो किती दिवस झेपेल?

आम्ही हे पाच प्रश्न भाच्याला लिहून दिले आणि म्हटले, "लूम तुझे आहेत, निर्णय तुझा. फक्त त्या विक्रेत्याकडून अशा तीन माणसांची नावे आण, ज्यांची पिल्ले त्याने खरोखर परत घेतली." भाचा गेला. आठ दिवसांनी आला. नावे मिळाली नव्हती. विक्रेत्याने "शंका घेणाऱ्याशी आम्ही व्यवहार करत नाही" असे सांगून फोन ठेवला होता.

भाचा थोडा नाराज आहे. लूममध्ये खरेच फार राहिलेले नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचे उत्तर आम्हालाही द्यावे लागेल. सध्या त्याला आम्ही आपल्या पेढीचे लुंगीचे काम देऊ केले आहे. नफा थोडा आहे, पण लुंगी नेसणारा माणूस रोज आमच्या दुकानासमोरून जातो. लूम चालू आहेत आणि आपाचे सोने घरात आहे.

ज्या बंधूंच्या घरी असाच कागद घेऊन एखादा मुलगा येईल, त्यांनी त्याला रागावू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचाच हिशेब त्याच्यासमोर पुन्हा मांडावा आणि शेवटच्या गिऱ्हाइकाचे नाव विचारावे.